तेल वाढतं तेव्हा

गाडी माझ्या गॅरेजात चालत आली, टो होऊन नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या वादावादीत या एका गोष्टीचा फार उपयोग झाला.

जानेवारी २०२५. मालकीण डॉक्टर, राहायला गोव्यात पर्वरीला, स्वतःचं प्रसूतिगृह म्हापशाला. गाडी युरोपातल्या एका नावाजलेल्या कंपनीची एसयूव्ही: दोन लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, किंमत पंचावन्न लाखांच्या वर. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोरी घेतलेली, चाललेली ३८,६०० किलोमीटर. कंपनीचं नाव लिहिणार नाही आणि वर्कशॉपचंही नाही. प्रकरण मिटलेलं आहे आणि मिटताना झालेल्या कागदाचा मान ठेवायला हवा. शिवाय हाच रोग मी दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतही पाहिला आहे.

आमचं गॅरेज डिचोलीहून साखळीला जाणाऱ्या रस्त्यावर. वडील खाणीवर टिपरचे फोरमन होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा त्यांच्या हाताखालचे दोन मेकॅनिक माझ्याकडे आले. त्यातल्या एकांना आम्ही सगळे मामा म्हणतो. मामांना लॅपटॉपचा स्कॅनर आवडत नाही, पण डिझेल इंजिनाच्या बाबतीत त्यांचं नाक प्रमाण मानायचं, असा आमचा नियम आहे.

डॉक्टरांनी तक्रार सांगितली ती केसपेपर लिहिल्यासारखी. "सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की चार-पाच सेकंद खडखडते. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. मग आवाज बंद. दोन महिने झाले. परवापासून इंजिनाचा पिवळा दिवा." दिवा लागल्याबरोबर त्या थेट कंपनीच्या वर्कशॉपला गेल्या होत्या. तिथलं एस्टिमेट हातात होतं: टायमिंग चेन किट, त्यासाठी इंजिन खाली उतरवणं, टर्बो 'उघडल्यावर बघू'. ४ लाख ८० हजार, टॅक्स वेगळा. तीन वर्षांची वॉरंटी दोनच महिन्यांपूर्वी संपलेली.

(टायमिंग चेनला मराठीत साखळी म्हणायला माझी हरकत नाही, पण आमच्या भागात साखळी म्हणजे गाव, म्हणून ते जमत नाही. त्या दिवशी गॅरेजातल्या पोराने फोनवर सांगितलं, "डॉक्टरांची साखळी सैल झालीय," आणि पलीकडच्याने विचारलं, "बाजारात का?" तेव्हा मी चेनच म्हणतो.)

स्कॅनरवर दोन कोड मिळाले. एक चालू, पी००१६: क्रँकशाफ्ट (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या फिरण्याचा मेळ बसत नाही; तो मेळ ठेवणं हेच टायमिंग चेनचं काम. दुसरा जुना, साठवलेला, पी२४६३: डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या चाळणीत, काजळी मर्यादेबाहेर साचली. पहिल्या कोडचा अर्थ सरळ होता. चेन ताणली गेली, तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ढील पुरेशी आवरत नाही, थंड इंजिनात तेलाचा दाब चढेपर्यंत चेन गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते, तोच खडखडाट. वर्कशॉपचं निदान चुकीचं नव्हतं. पण त्यांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. चेन बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची वस्तू नव्हे, ती इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकावी अशी धरूनच बसवलेली असते. काही इंजिनांत तर ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला असते. म्हणजे तिला हात लावायचा तर अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. या गाडीत तसंच. अशी चेन अडतीस हजारांत का ताणली?

चेनचं पोट तेलावर चालतं, म्हणून तेल बघायला गेलो आणि अडलो. या गाडीला डिपस्टिक नाही. बॉनेट उघडलं की गुळगुळीत प्लास्टिकचं झाकण दिसतं, तेलाची पातळी आतल्या स्क्रीनवर बघायची. स्क्रीनवर पट्टी वरच्या रेघेच्या पलीकडे गेलेली. डॉक्टर म्हणाल्या, "हो, हे ऑक्टोबरात मी विचारलं होतं. ते म्हणाले, तेल फुल आहे मॅडम, काळजी नको."

मामा तोवर शेजारी येऊन उभे होते. त्यांनी तेल भरायच्या झाकणाला लागलेला थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, नाकाशी धरला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. खाणीवर रोज पहाटे टिपर सुटण्याआधी डिपस्टिक बघायची पद्धत होती. तेल कमी झालं तर भरायचं आणि गाडी सोडायची. वाढलेलं दिसलं तर मात्र टिपर जाग्यावरच उभा करायचा. तेल आपणहून कधी वाढत नाही. त्यात पाणी तरी शिरलेलं असतं, नाहीतर डिझेल. पाणी असेल तर तेल ताकासारखं होतं. हे काळं, पातळ होतं आणि त्याला डिझेलचा वास होता. मामांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडला. मधे काळा ठिपका आणि भोवती पिवळट, फिकट ओलसर कडं. चांगल्या तेलाचं कडं इतकं भराभर पसरत नाही.

इथे आम्ही हात थांबवला. काही उघडण्याआधी नमुना घेतला, कारण एकदा तेल काढून टाकलं की पुरावाही ड्रेनच्या टबात जातो. दोन स्वच्छ बाटल्या, दोन्हींवर तारीख, किलोमीटर, नंबरप्लेट, डॉक्टरांची सही आणि माझी. एक लॅबला, एक त्यांच्या घरच्या कपाटात. मग तेल मापाच्या कॅनमध्ये काढलं. जॉबकार्डाप्रमाणे मार्च २०२४ मध्ये भरलेलं सात लिटर. साडेनऊ महिने आणि ९,२०० किलोमीटर चालल्यावर निघालं, नमुने धरून, सात लिटर सहाशे मिली. तो कॅन, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र, असा फोटो काढला. डॉक्टर बराच वेळ त्या कॅनकडे बघत होत्या.

लॅबचा कागद आठवड्याने आला. तेलात डिझेल ९.८ टक्के. साधारण पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की तेल ठेवू नये असा प्रघात आहे. शंभर अंश सेल्सियसला घट्टपणा ७.५ सेंटिस्टोक. हा आकडा मी डॉक्टरांना असा समजावला: डब्यावर ज्या तेलाचा ग्रेड '३०' लिहिलेला असतो, त्याचा घट्टपणा या तापमानाला किमान ९.३ आणि १२.५ च्या आत असायला हवा. ६.९ ते ९.३ मध्ये आलं की ते '२०' च्या वर्गातलं तेल. म्हणजे भरलं तीसचं आणि इंजिनात फिरत होतं वीसचं, तेही काजळीने भरलेलं. पातळ तेलातली काजळी चेनच्या प्रत्येक पिनेला बारीक पॉलिश पेपरसारखी घासते. लोखंडाचा आकडाही अर्थातच चढलेला होता.

आता डिझेल तेलात गेलं कसं?

डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी चाळणी. युरोपात ती २००९ पासून युरो ५ च्या प्रदूषण-नियमांबरोबर सरसकट आली. आपण बीएस४ वरून पाच गाळून १ एप्रिल २०२० ला एकदम बीएस६ वर उडी घेतली आणि इथल्या बहुतेक मेकॅनिकांची या चाळणीशी ओळख तेव्हाच झाली. चाळणी भरली की ती जाळून मोकळी करावी लागते, यालाच रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी चाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापवायची. कशी? पिस्टन खाली जात असताना, जेव्हा ते डिझेल सिलिंडरात नीट जळणार नाही अशा वेळी, इंजेक्टर मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढे एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिस्टवर जळतं आणि चाळणी तापते. हे काम रस्त्यावर सलग पंधरावीस मिनिटं चालायला हवं. त्या उशिराच्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं, रिंग ते खरवडून खाली ढकलते आणि ते तेलात मिसळतं. पेट्रोल असतं तर गरम तेलातून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल उकळायला लागतं तेच एकशेऐंशी अंशांच्या पुढे, आणि तेल तापतं शंभर-एकशेदहापर्यंत. आत गेलेलं डिझेल आतच राहतं.

डॉक्टरांचा रस्ता पर्वरी ते म्हापसा, आठ-नऊ किलोमीटर. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून त्यातला निम्मा रस्ता रांगत काढायचा. रात्री कॉल आला तर रस्ता मोकळा, पण मग दहा मिनिटांत दवाखाना आणि गाडी बंद. स्कॅनरवर रीजनरेशनचा इतिहास मिळतो: मध्येच तुटलेले प्रयत्न लागोपाठ अकरा. दर खेपेला चाळणी तापवायला डिझेल ओतायचं, ती तापत आली की इंजिन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांनी हे ऐकून एकच वाक्य बोललं, "म्हणजे बाळंतपणं मी वेळेवर केली म्हणून गाडी बिघडली."

हे वाक्य वर्कशॉपच्या तोंडी आधीच होतं, फक्त सभ्य भाषेत. 'ड्रायव्हिंग पॅटर्न'. म्हणून दुसरी कारणं आहेत का, हे तपासणं मला भाग होतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन गार राहतं आणि रीजनरेशन पुरं होत नाही. लाइव्ह डेटात कूलंट नव्वदला जाऊन स्थिर राहत होतं. चाळणीच्या आधी-नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळ्या चिरतात आणि खोटा आकडा देतात. नळ्या धड होत्या. इंजेक्टर गळतो का ते रिटर्न टेस्टने बघितलं, चारही सारखे. टर्बो ठीक होता, एस्टिमेटमधलं ते 'उघडल्यावर बघू' मी खोडलं.

मग तुलनेला एक गाडी मिळाली, नशिबाने. तेच मॉडेल, तेच साल, मालक बेळगावचे व्यापारी, आठवड्यातून एकदा चोर्ल्याच्या घाटाने ये-जा करणारे. आमच्या दारावरूनच जातात. त्यांना विनंती करून तेलाचा नमुना घेतला. अकरा हजार किलोमीटर चाललेलं तेल आणि डिझेल २.१ टक्के. रीजनरेशन सरासरी ४८० किलोमीटरला एकदा, बहुतेक पूर्ण. डॉक्टरांच्या गाडीत १३० ला एकदा प्रयत्न. लॅबचा कागद दाखवला तेव्हा व्यापारी खूश झाले, जणू त्यांच्या ड्रायव्हिंगचं कौतुक झालं.

हा कागद दुधारी होता हे मला कळत होतं. वर्कशॉप म्हणणार, बघा, नीट चालवली तर गाडी उत्तम. मला त्यातून दुसरं दिसलं. गाडी खाली कशी बांधली आहे ते लिफ्टवर बघितलं तर चाळणी टर्बोला चिकटून नाही, मधे लांबलचक पाइप आहे. गॅस तिथवर पोचेतो निवतो, मग तापवायला जास्त डिझेल, जास्त वेळ. चाळणी टर्बोच्या तोंडाशीच बसवली की हे काम लवकर उरकतं. बॉडीत जागा नव्हती म्हणून चाळणी मागे गेली, असं माझं मत. ते मत आहे, सिद्ध केलेलं नाही. पण एवढं नक्की की शहरात चालवायची गाडी म्हणून विकताना शोरूममध्ये कोणी डॉक्टरांना विचारलं नव्हतं की तुमचं रोजचं अंतर किती.

तरीही हे सगळं 'कोणाचं चुकलं' या वादात वर्षभर लोंबकळलं असतं. प्रकरण फिरलं ते जॉबकार्डांवर.

डॉक्टर कागद जपून ठेवणाऱ्या. २०२३ च्या पावसाळ्यात चाळणी भरल्याचा पहिला इशारा आला. वर्कशॉपने मशीन लावून जबरदस्तीचं रीजनरेशन केलं आणि शेरा मारला, हायवेवर चालवण्याचा सल्ला दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडीने स्वतःच 'सर्व्हिस करा' असा मेसेज दिला, ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी. मार्चमध्ये तेल बदललं, पैसे डॉक्टरांकडून. आणि ऑक्टोबर २०२४, वॉरंटी संपायला महिना बाकी. तोच मेसेज पुन्हा. जॉबकार्डावर हाताने लिहिलेलं: 'सर्व्हिस मेसेज रीसेट केला. ओके.' तेल बदललेलं नाही, कारण किलोमीटर भरले नव्हते.

तो मेसेज किलोमीटर मोजून येत नाही. प्रत्येक रीजनरेशनला किती डिझेल सोडलं, त्यातलं अंदाजे किती तेलात गेलं, याचा हिशोब कॉम्प्युटर ठेवतो आणि हद्द झाली की मालकाला हाक मारतो. म्हणजे गाडी सांगत होती, माझं तेल पातळ झालंय, बदला. वर्कशॉपच्या सल्लागाराने तिचं तोंड मिटवलं. त्यानंतर महिनाभरात खडखड सुरू झाली. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात महागडी सही त्या 'ओके' खालची.

डॉक्टरांच्या वकिलांनी नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार कुठल्या आयोगापुढे जाणार हे वस्तूला मोजलेल्या किमतीवर ठरतं. डिसेंबर २०२१ च्या नियमांपासून पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. म्हणजे ही तक्रार थेट पणजीला राज्य आयोगापुढे गेली असती. मुदत दोन वर्षं, ती हातात होती. वकिलांना सगळ्यात आवडली ती कपाटातली दुसरी बाटली. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी कायद्यातच तरतूद आहे. आमची बाटली आयोगाने सील केलेली नव्हती, पण दोन सह्या, तारीख आणि त्या दिवशीचा फोटो होता. आणि गाडी चालत आली होती. दिवा लागल्यावर मालकिणीने ती रेटली नाही, हे कंपनीला नाकारता येईना.

कंपनीचे लोक मुंबईहून दोनदा आले. पहिल्या खेपेला अर्धे पार्ट देऊ म्हणाले. दुसऱ्या खेपेला ऑक्टोबरचं जॉबकार्ड टेबलावर ठेवलं, तेव्हा सगळे पार्ट कंपनीचे, मजुरी डॉक्टरांची, यावर आले. डॉक्टरांनी घेतलं. मी आयोगात जा म्हणालो होतो, कारण एखादा निकाल लागला असता तर बाकीच्यांना तो दाखवता आला असता. त्या म्हणाल्या, "माझी गाडी तितका काळ तुमच्या शेडमध्ये उभी राहणार. रात्री दोनला मी रिक्षा शोधू?" त्यांचं बरोबर होतं.

इंजिन मे महिन्यात त्यांच्याच वर्कशॉपमध्ये उतरवलं. मला बाजूला उभं राहू दिलं, चहासुद्धा दिला. तिथल्या मेकॅनिकने, अगदी तरुण पोर, जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी लटकवल्या. जुनी खाली चार मिलिमीटर जास्त उतरत होती. ऐकायला किती कमी वाटतं. त्याच चेनचं प्लास्टिकचं गाइड मात्र नखाने चाचपावं लागलं नाही, त्यात दोन खाचा डोळ्यांना दिसत होत्या आणि एका कडेचा तुकडा उडालेला. तो तुकडा खाली तेलाच्या पंपाच्या जाळीत सापडला. जाळीचा पाव भाग त्याने झाकलेला. म्हणून त्यांनी बिग एंडची, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तिथली, बेअरिंगही उघडली. चारापैकी दोन बेअरिंगांवर राखाडी थर जाऊन खालचा तांबूस रंग वर आलेला. पोर हळूच म्हणालं, "सर, अजून पाच-सहा हजार चालली असती तर क्रँक गेली असती." त्याच्या साहेबाने त्याला दुसरीकडे कामाला पाठवलं.

चेन, दोन्ही स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर, बेअरिंग, पंप, सगळं नवं. डॉक्टरांना मजुरीचे ९६ हजार पडले.

गाडी जूनमध्ये परत मिळाल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. स्क्रीन काहीही म्हणो, तेल सहा महिन्यांनी किंवा आठ हजाराला बदलायचं. आणि रविवारी सकाळी गाडी सावंतवाडीपर्यंत नेऊन आणायची. डॉक्टर गिअर हाताने धरून इंजिन दोन हजारांच्या वर फिरतं ठेवतात आणि बांद्याच्या पुढे गेल्यावर रीजनरेशन संपलेलं त्यांना कळतं, पंख्याचा आवाज आणि खिडकीतून येणारा करपट वास दोन्ही थांबतात. ऑक्टोबरात, चार हजार किलोमीटरनंतर, पुन्हा नमुना काढला: डिझेल ३.४ टक्के. चांगलं म्हणवत नाही, पण मर्यादेत आहे. जिला दर रविवारी हवा खायला न्यावी लागते, त्या गाडीला पंचावन्न लाख का मोजायचे, हा प्रश्न डॉक्टरांच्या यजमानांचा. त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

त्याच आठवड्यात कळंगुटहून एका हॉटेलवाल्यांचा फोन आला. तेच मॉडेल, २०२२ ची गाडी, डॉक्टरांकडून नंबर मिळाला होता. काही तक्रार नाही, नुसतं विचारतोय, म्हणाले. मी म्हटलं, इग्निशन ऑन करून स्क्रीनवर तेलाची पातळी वाचून सांगा. थोडा वेळ बटणं दाबल्याचे आवाज.

"वरच्या रेघेच्या जरा वर दाखवतंय. म्हणजे तेल भरपूर आहे ना?"

"सोमवारी सकाळी या," मी म्हटलं. "बाटल्या तयार ठेवतो."